सोसोगड: म्हादईच्या रानातून वर

सोसोगडाची उंची १,१६६ मीटर. गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर म्हणून शाळेत पाठ केलेलं. हे पुण्याच्या मित्राला अभिमानाने सांगावं, तर तो कळसूबाईचे १,६४६ मीटर पुढे करतो आणि विषयच संपवतो. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नये. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव आधीच बरंच वर बसलेलं आहे, वाटेत लोखंडी शिड्या आहेत, लिंबूसरबत मिळतं. सोसोगडाच्या पायथ्याचं, सत्तरी तालुक्यातलं साट्रे गाव मात्र सह्याद्रीच्या कोकणाकडच्या पायाशी, खोलगट दरीत आहे. तिथून निघालं की चढ तळापासून अंगावर येतो. वाट रानातून जाते आणि रान इतकं दाट, की वारा आत शिरत नाही. डिसेंबरातही घामाच्या धारा लागतात. सरबत सोडाच, मोबाइलला रेंजसुद्धा नाही.

मी डिचोलीचा. सत्तरी शेजारचाच तालुका. लग्नं, जत्रा, काजूचा हंगाम यानिमित्ताने जाणं-येणं असतंच. तरी सोसोगड मात्र कायम लांबून बघितलेला. या वेळी भाचीने हट्ट धरला. ती पणजीला वनस्पतिशास्त्र शिकते आणि तिला निरंकाराची राय, म्हणजे तिथली देवराई, बघायची होती. मेव्हणा फोंड्याला बँकेत आहे. गुडघ्यांबद्दल त्याची कायम कुरकुर असते, पण शिदोरीची व्यवस्था त्याच्याइतकी कुणाला जमत नाही. तो हवाच.

शुक्रवार

वाळपईला पोचलो तेव्हा बाजार नुकता उघडत होता. पातळ भाजी, उंडे आणि मिरची भजी यांवर नाश्ता झाला. मग परवानगीचं काम. साट्र्याच्या वरचं रान म्हादई अभयारण्यात येतं, त्यामुळे वन खात्याला विचारल्याशिवाय आणि गावचा वाटाड्या घेतल्याशिवाय तिकडे फिरकू नये. हे अभयारण्य १९९९ मध्ये झालं, सुमारे २०८ चौरस किलोमीटरचं. तेव्हा गोव्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांनी म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्यं जाहीर केली. लोकनियुक्त सरकार असतं तर हे झालं असतं का, यावर वाळपईच्या चहाच्या टेबलावर आजही तासभर वाद रंगू शकतो. आमच्या शेजारच्या टेबलावर तो रंगलाच होता.

तिथून ब्रह्माकरमळी. ब्रह्मदेवाचं देऊळ म्हणून लोक मुद्दाम येतात. मूर्ती मूळची तिसवाडीतल्या करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडत सुटले तेव्हा लोकांनी ती तिथून हलवली आणि रानाच्या पोटात आणून ठेवली. नवीन वस्तीला जुन्या गावाचंच नाव दिलं. मूर्ती काळ्या पाषाणाची, उभी. मेव्हण्याने दर्शन घेतलं, भाचीने प्रभावळीवरची वेलबुट्टी निरखली, आणि आम्ही बांबरकडे वळलो.

निरंकाराची राय ही देवराई. निरंकार हा तिथला देव. चपला बाहेर काढायच्या, फांदी मोडायची नाही, पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही. आत गेल्यावर पहिल्यांदा पावलांना कळतं की आपण वेगळ्या जागी आलो. माती थंडगार, काळी आणि दबणारी. गोड्या पाण्याची दलदल आहे ही. वर रानटी जायफळाच्या कुळातली उंच झाडं, आणि खाली त्यांची मुळं चिखलातून बाहेर डोकावून, पुन्हा वाकून चिखलातच शिरलेली. भाची एका मुळापाशी उकिडवी बसली आणि मला बोलावलं. बाकाचा भाग बोटभर जाड, साल तपकिरी, तिच्यावर बारीक पुटकुळ्या. 'मामा, इथून श्वास घेतात झाडं. खालच्या चिखलात हवाच नाही ना.' मुळाच्या एका वाकात पाणी साठलं होतं आणि त्यात नखाएवढा बेडूक बसला होता. आमची सावली पडली तरी हलला नाही.

अशी दलदलीची राय सह्याद्रीत अगदी मोजक्या ठिकाणी उरली आहे. बहुतेक जागी तिची भातशेती किंवा पोफळीची बाग झाली, कारण बारमाही पाणी कुणाला नको असतं? इथे ती राहिली ती देवामुळे. भाचीच्या पुस्तकात या झाडांची लॅटिन नावं होती. आम्हाला राय दाखवणाऱ्या काकीला ती ठाऊक नव्हती, पण कुठलं झाड तिच्या सासूच्या वेळी पडलं आणि त्या जागी कुठलं उगवलं, हे तिने बोट दाखवून सांगितलं.

रात्री साट्र्याला वाटाड्याकाकांच्याच घरी मुक्काम. उकड्या तांदळाची पेज, अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोंडाक, म्हणजे रस्सा, भाजलेला पापड. पेजेबरोबर चेपणीचे तोर, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या. काका साठीचे असतील. गावातल्या सरकारी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, आमच्याशी मराठीत आणि बायकोशी कोकणीत बोलणारे. पहाटेची वेळ ठरवून ते झोपायला गेले. मेव्हण्याने मात्र झोपायच्या आधी गुडघ्यांना तेल चोळून घेतलं.

शनिवार

उजाडता उजाडता निघालो. आधी गावाची शेतं. भात कापून झालेलं, खुंटांवर दव. मग पोफळींचं कुळागर, पाटाचं वाहतं पाणी, आणि कुळागर संपलं की ओहोळ. पाणी गुडघ्याच्या खाली, पण दगडांवर शेवाळ. काकांनी चपला काढून हातात घेतल्या आणि सरळ पलीकडे गेले. आम्ही बूट काढू की नको याचा खल करत बसलो. काढले. पाणी बर्फासारखं नसलं तरी त्या घटकेला तसंच वाटलं.

ओहोळाच्या पलीकडे वाळूत गव्याचे खूर उमटलेले. एक मोठा, बाजूला लहान. काका वाकले, कडेची माती बोटाने दाबली. 'रात्रीचे. आता वर गेले.' गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, पण त्याला पोस्टरवर बघणं वेगळं आणि त्याच्याच वाटेने चालणं वेगळं. पुढचा अर्धा तास कुणी मोठ्याने बोललं नाही.

मग खरं रान. वाट म्हणजे पाण्याने कोरलेली घळ, दोन्ही बाजूंनी वेत आणि केवडा. वेताचे काटे शर्टाला धरून मागे ओढतात; जोर लावला तर शर्ट फाटतो, म्हणून उलट एक पाऊल मागे येऊन सोडवून घ्यायचं. भेरली माडाचे घोस लोंबत होते. एका ठिकाणी गारंबीची शेंग वाटेवर पडलेली. भाचीने उचलून हाताला लावून बघितली तर खांद्यापासून मनगटापर्यंत आली. आतल्या बिया तळहाताएवढ्या, तपकिरी, गुळगुळीत. तिला एक हवी होती. काका म्हणाले, 'अभयारण्य आहे बाय, राहू दे.' तिने ठेवली.

चढ तासाभराने चढायला लागला. हे वाक्य विचित्र आहे, पण तसंच झालं: आधी वाट चढत होती, मग चढच उभा राहिला. नागमोडी वळणं नाहीत, सपाटी नाही, पालापाचोळ्यावरून पाय घसरतो आणि आधाराला धरावं ते झाड काटेरी निघतं. घाम डोळ्यांत जात होता. मी दर पन्नास पावलांनी थांबायला लागलो. काकांना ते पसंत नव्हतं. 'दम लागला तर उभ्यानं घ्या. बसलात की पाय धरतात.' मेव्हणा नेमका तेव्हा एका दगडावर बसायच्या बेतात होता. काकांनी त्याचा दंड पकडून त्याला जागच्या जागी थांबवलं आणि काठीने दाखवलं. दगडाच्या वर, कमरेच्या उंचीला, फांदीवर चापडा, विषारी साप. मलबारी चापडा, फिकट हिरवट, अंगावर तपकिरी डाग, डोकं त्रिकोणी, फांदीला असा चिकटलेला की शेवाळच वाटावं. जीभसुद्धा बाहेर काढत नव्हता. तो भक्ष्य जवळ येईपर्यंत असाच तासन्‌तास बसतो, भाचीने सांगितलं. मेव्हणा म्हणाला, 'मी भक्ष्य नाही, हे त्याला कुणी सांगितलंय का?' आम्ही दोन हात लांबून वळसा घातला. त्यानंतर पूर्ण दिवस तो काठीने ठोकून बघितल्याशिवाय कुठेही बसला नाही.

याच टप्प्यावर उजेडाच्या एका कवडशात मलबार ट्री निम्फ दिसलं. पांढरं, काळ्या ठिपक्यांचं मोठं फुलपाखरू. ते उडत नाही. पंख्याखाली सुटलेला कागदाचा कपटा खोलीभर फिरावा तसं तरंगत राहतं. खाली यायचं म्हणून येत नाही आणि वर जायचं म्हणून जात नाही. आम्ही मान वर करून उभे, आणि दम खाण्याला मिळालेलं ते सगळ्यात चांगलं निमित्त होतं. वर कुठेतरी धनेशाच्या पंखांचा फर्रकन आवाज गेला. पक्षी दिसला नाही. शेकरू मात्र दिसलं, दोनदा.

रानात शिरलं की बाहेरचा माणूस 'अस्पर्श निसर्ग' म्हणायला लागतो. मीही मनात तेच म्हणत होतो. तेवढ्यात काकांनी वाटेच्या कडेला एक दगडी बांध दाखवला. वर झाडं उगवलेली, पण रचलेला बांधच तो. त्यांच्या आजोबांच्या पिढीत इथे कुमेरी होती. डोंगराचा तुकडा साफ करून, जाळून, त्यात नाचणी पेरायची, दोन-चार वर्षांनी तो सोडून पुढे जायचं. सोडलेल्या जागी रान परत यायचं. आम्ही ज्याला आदिम अरण्य समजत होतो, त्यातला बराच भाग म्हणजे काकांच्या आजोबांनी सोडलेलं शेत. त्याच्याही आधी याच डोंगरांनी सत्तरीच्या राणे घराण्यातल्या बंडखोरांना लपवलं. दीपाजी राणे १८५२ मध्ये उठले, नाणूस किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांना काही वर्षं नाचवलं, ते या वाटा ठाऊक असल्यामुळे. गणवेशातल्या पलटणीला हा चढ कसा वाटला असेल, ते माझे पाय मला सांगत होते.

वर जाताना रान हळूहळू विरळ होतं. झाडं बुटकी, वाकडी होतात, हिरडा आणि अंजन दिसायला लागतात, मग गवत. इथे काका स्वतःहून थांबले. एका झाडाचा बुंधा काळा होता. कोळशाचा थर नखाने सुटत होता आणि त्याच्या कडेने नवी साल आत सरकत आलेली, ओठासारखी फुगीर. मार्च २०२३ मधली आग. म्हादईच्या रानात त्या महिन्याच्या सुरुवातीला जे वणवे पेटले, त्यात साट्र्याचा डोंगर पहिल्यांमधला. नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी वरून पाणी ओतलं, ते आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. जमिनीवरचं कुणी दाखवलं नव्हतं. 'हेलिकॉप्टर पाणी टाकून जायचं, आणि पाचोळ्याखाली धुमसत राहायचं,' काका म्हणाले. 'आम्ही हिरव्या फांद्यांनी झोडपत होतो. एका बाजूने विझवावं तर दुसरीकडून चढायची. वर, इथपर्यंत पाणी आणणार कसं? प्यायचंच पाठीवरून आणलेलं.'

आग लागली कशी, यावर तेव्हा खूप चर्चा झाली. मी त्यात पडत नाही. पण एक डोळ्यांना दिसतं: आग गवताच्या आणि उघड्या रानाच्या भागात फिरली, खालच्या ओल्या, दाट रानाच्या कडेशी तिचा जोर संपला. सदाहरित रान स्वतःला वाचवतं, ते उघडं पडलं नाही तोवर.

माथ्यावर पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर यायला आला होता. वारा असा, की टोपी हातात धरावी लागली आणि अंगातला घाम दोन मिनिटांत गार. पूर्वेला कर्नाटकाचं पठार, रानाच्या पट्ट्यांमागे रान. पश्चिमेला सत्तरी. डोंगराच्या सोंडा एकामागून एक उतरत गेलेल्या आणि त्यांच्यामधून म्हादईचं खोरं. तिचा उगम त्या पूर्वेच्या बाजूला, खानापूर तालुक्यात. गोव्यात उतरून पुढे तिचीच मांडवी होते आणि पणजीला कॅसिनोंच्या बोटींखालून समुद्राला मिळते. पणजीची दिशा भाचीने मोबाइलच्या होकायंत्रावर शोधली. पणजी काही दिसली नाही, धुक्याचा पडदा होता.

जेवण म्हणजे भाकरी, अळसांद्यांची सुकी उसळ, खोबऱ्याची चटणी, आणि कोकमाच्या आगळात पाणी घालून केलेलं गार पेय. बाटल्या अर्ध्या संपल्या होत्या. वर पाणी नाही, त्यामुळे माणशी तीन लिटर खालूनच न्यावं. दोन पुरतात असं ज्याला वाटतं त्याने खुशाल न्यावे आणि उतरताना इतरांकडे मागावे.

जेवताना वाघाचा विषय निघाला. काढला मेव्हण्याने. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात वाघीण आणि तिचे बछडे, मिळून चार वाघ मेलेले सापडले होते. विषाचं प्रकरण, गावातल्याच माणसांना अटक. त्यानंतर जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा म्हणून आदेश दिला आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. काकांनी भाकरीचा तुकडा मोडला. 'वाघ्रोला आम्ही हात जोडतो. तो आमच्या आजोबांच्याही आधीचा. पण गाय मारली की पोरांचं दूध जातं, ते कुठल्या निकालात लिहितात?' मग थोडं थांबून, 'विष घालणं हे मात्र वाईट. फार वाईट.' गावाला तिथून उठवणार का, जमीन कुणाच्या नावावर आहे, हे प्रश्न काकांनी काढले नाहीत आणि आम्हीही नाही. सत्तरीत कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसतात तिचा कागद त्यांच्याकडे नाही, हे इथे प्रत्येकाला माहीत असतं. मला व्याघ्र प्रकल्प हवा आहे. पण काकांसमोर बसून ते ठासून सांगायला जीभ वळली नाही, आणि शहरात बसून सांगताना ती सहज वळते, हेही तितकंच खरं.

उतरण चढाहून वाईट. पाचोळा निसरडा, बोटं बुटाच्या टोकावर आपटतात, आणि गुडघे, म्हणजे मेव्हण्याचे. काकांनी कोयत्याने वाळलेल्या बांबूची एक काठी तासून त्याला दिली. उन्हं कलताना ओहोळापाशी आलो. सकाळी बूट काढू की नको म्हणणारे आम्ही बुटांसकट पाण्यात बसलो. घरी काकांच्या बायकोने चहा तयार ठेवला होता, गुळाचा, आल्याचा. भाचीच्या पोटरीवर एक जळू सापडली. पावसाळा संपून इतके दिवस झाले तरी ही कुठे राहिली होती कोण जाणे. मिठाच्या चिमटीने सुटली.

रविवार

पाय उचलत नव्हते, म्हणून गाडीचा दिवस. ज्या खोऱ्यात खालून घुसलो, त्याचं पाणी येतं कुठून ते बघायचं ठरलं. केरीवरून चोर्ला घाट चढलो. घाट ओलांडला की कर्नाटक, आणि मग पुन्हा गोवा: सुर्ल हे सत्तरीचं गाव वर पठारावर आहे, आणि तिथे जायला गोव्यातून निघून कर्नाटकातून फिरून यावं लागतं. कड्यावरून खाली आदल्या दिवसासारखंच रान, पण इथून त्यात एकही काटा नाही, चढ नाही, साप नाही. सेल्फी काढणाऱ्यांची गर्दी होती, चिप्सची पाकिटं होती. फार थांबलो नाही.

कणकुंबीला मात्र थांबलो. बेळगाव जिल्ह्यातलं गाव, बोली मराठी. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम. ते पाणी पूर्वेला जातं, कुडलसंगमला कृष्णेत मिळतं, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि त्याच गावातला कळसा नाला पश्चिमेला वळून म्हादईत येतो, अरबी समुद्रात. एकाच गावच्या पावसाचे दोन समुद्र. कळशाचं पाणी वळवून मलप्रभेत टाकायचं, हा म्हादईच्या वादाचा गाभा. गोव्यात त्यावर निवडणुका लढवल्या जातात. लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. आकडे वाचताना समोर काही येत नाही. देवळापाशी उभं राहून दोन्ही पाण्यांमधलं अंतर बघितलं, की वळवणाऱ्याला ते किती सोपं वाटत असेल हे कळतं, आणि काल ओलांडलेल्या ओहोळासारख्यांचं खाली काय होईल याचा विचार सुरू होतो.

चहाच्या गाड्यावर मालकाने गाडीचा नंबर बघून विचारलं, 'गोव्याचे? पाणी बघायला आलात?' मेव्हणा म्हणाला, 'बघायला. न्यायला नाही.' तो हसला. म्हणाला, धारवाडकडच्यांना प्यायला हवं असतं, तुम्हाला नदीत खारेपणा चढू नये म्हणून हवं असतं, आणि आमच्या विहिरी एप्रिलमध्ये तळ गाठतात ते कुणीच बघायला येत नाही. बरोबर होतं त्याचं.

कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबर शेवट ते जानेवारी. पावसाळ्यात ओहोळ फुगतात आणि घळीतून पाणी येतं. मार्च उजाडला की वरचं गवत वाळून कोरडंठाक होतं, तेव्हा तिकडे न गेलेलंच बरं. काडेपेटी घरी ठेवावी. वाटाड्या गावातलाच घ्यावा आणि त्याच्या पैशांत घासाघीस करू नये.

घाट उतरून केरीला येईपर्यंत मेव्हण्याने पुढचा बेत ठरवूनही टाकला होता: जानेवारीत वाघेरीचा डोंगर, काकांना विचारून. गुडघ्यांचा त्यात उल्लेख नव्हता.